एक माणूस, झोपलेला

मी सबटायटलं लिहिते. पडद्यावरचा माणूस भलत्याच भाषेत बोलत असतो तेव्हा खाली मराठीत ज्या दोन ओळी उमटतात, त्या माझ्या असतात. नाव अगदी शेवटी येतं, तोवर लोक उठून पिशव्या गोळा करत असतात. बावीस वर्षं हे काम करतेय आणि त्यात आपण कुणाचं वाईट केलं असं मला कधी वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यापासून वाटतं. चारचौघांत कुणी विनोद केला आणि सगळे हसले की माझे कान तापतात. म्हणून हे लिहून टाकतेय. लिहिल्याने बरं वाटेल अशी आशा नाही, पण निदान एकदा तरी खरं सांगून होईल.

शिवाजी पार्कच्या बाजूला एक फिल्म सोसायटी आहे. तिचे सेक्रेटरी हितेंद्र प्रधान, निवृत्त इंजिनिअर. सज्जन माणूस, पण बोलताना प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणल्यासारखं बोलतो. सोसायटीचे तीसेक सभासद आहेत, सगळे साठीच्या पुढचे. सिनेमा बघताना ते वह्यांत टिपणं काढतात. या लोकांसाठी प्रधानांनी एक जुना युरोपियन सिनेमा मिळवला होता, काळा-पांढरा, माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधीचा, विनोदी. त्याची मराठी सबटायटलं मी करायची होती.

सिनेमा एका समुद्रकाठच्या गावाचा. तीस घरं, एक चर्च, एक धक्का आणि दिवसातून एकदा येणारी सरकारी बोट. सरकारचा हुकूम निघतो की गावात शंभर माणसं नसतील तर बोट बंद. गावात माणसं ब्याण्णव. मग डोकी मोजायला शहरातून एक अधिकारी येतो आणि अख्खं गाव त्याला बनवायला लागतं. एका घरात मोजलेली माणसं परसदारातून पळत जाऊन पुढच्या घरात जाऊन बसतात. पाद्री बकरीला झबलं घालतो. आणि एक मासे विकणारी बाई, धिप्पाड, कंबरेवर हात ठेवून बोलणारी, समुद्रात बुडून गेलेल्या आपल्या नवऱ्याला मोजायला लावते. म्हणते, आत झोपलाय. अधिकारी बिचारा भिडस्त. तो चवड्यांवर चालतो आणि कागदावर लिहितो: एक माणूस, झोपलेला. थोड्या वेळाने विसरलेली टोपी न्यायला परत येतो, तर गादीवर पांघरुणाखाली दोन वल्ही आणि एक उशी.

त्या बाईच्या वाक्याचं इंग्रजी भाषांतर माझ्यासमोर होतं, सहा-सात शब्दांचं. जरा हळू बोला, माझे यजमान झोपलेत. एवढंच. मी ते तसंच लिहायला हवं होतं.

पण मला ते बेचव वाटलं. समुद्रकाठची माणसं पुस्तकी मराठी कशी बोलतील? मी प्रधानांशी भांडले. म्हटलं, हे सगळे मालवणीत बोलणार. ते आधी बिचकले, मग म्हणाले, "तुमच्या घरची भाषा आहे, तुम्हाला जमेल." खरंच जमलं. इतकं भराभर जमलं की माझं मलाच कौतुक वाटायला लागलं. का जमलं ते सांगायला मला लालबागला जावं लागेल.

आता मी प्रभादेवीला लिफ्टच्या इमारतीत राहते, पण जन्म आमच्या लालबागच्या चाळीतला. दुसरा मजला. आमच्या समोरच्या खोलीत शांताकाकी. सख्खी कोणी नव्हे, पण माझी आई कामावर जायची आणि मी काकीकडे जेवायचे, दुपारी तिच्याकडेच झोपायचे. तिला मूलबाळ नव्हतं. माझे केस विंचरायची, उवा काढायची, पाढे चुकले की धपाटा घालायची, आणि हे सगळं करताना तिच्या तोंडाचा पट्टा अस्सल मालवणीत चालू असायचा. सिनेमातल्या त्या मासेवालीला मी डोळे झाकून काकीची भाषा दिली. तिच्या शिव्यासुद्धा दिल्या.

काकीचे यजमान जयवंतकाका. गिरणीत होते. संप लांबला तसे ते भिवंडीला यंत्रमागावर कामाला जायला लागले. आठवडाभर तिकडेच राहायचे, शुक्रवारची रातपाळी करून शनिवारी सकाळी घरी यायचे आणि दुपारपर्यंत झोपायचे. सगळी चाळ तसंच धरून चालायची. शनिवारी सकाळी आमच्या गॅलरीत पोरांना खेळायला बंदी. कुणी मोठ्याने बोललं की काकी दारात येऊन म्हणायची, "हळू बोला मा! आत्ताच डोळो लागलो हा तेंचो. रातपाळी करून इलेत, अजून तोंडार पाणीसुदा मारूक नाय."

मी आठ वर्षांची असताना एका शनिवारी आईने मला काळ्या वाटाण्याच्या आमटीचं पातेलं देऊन समोर पाठवलं. जयवंतकाकांना आवडते म्हणून. दार नुसतं लोटलेलं होतं. काकी मोरीत होती. मी पातेलं खाली ठेवलं आणि खाटेकडे बघितलं. पांघरूण एका बाजूला सरकलं होतं. आत एक उशी होती आणि गुंडाळी केलेली गोधडी. पायांच्या जागी काकांची गिरणीतली जुनी पिशवी.

काकी बाहेर आली. ओल्या हाताने तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "कोणाक सांगा नको हां, चेडवा. आवशीकपन नाय." आईलाही सांगणार नाही म्हणून मी मान हलवली. पुढे हळूहळू मला बाकीचं कळलं. काकांनी भिवंडीत दुसरं घर केलं होतं. ते परत येणार नव्हते. टाकलेली बाई म्हणून चाळीत राहणं काकीला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं, म्हणून दर शनिवारी तिने नवऱ्याला झोपवलं.

त्या दिवसापासून मी तिची पहारेकरीण झाले. शनिवारी मीच गॅलरीत उभी राहायचे आणि पोरांना दटावायचे, "शूऽऽ! जयवंतकाका झोपलेत." पाच-सहा वर्षं हे चाललं. नंतर काका सुरतेला लागले असं काकी सांगायला लागली, आणि त्याहीनंतर लोकांनी विचारणं सोडलं. मी हे कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, लग्न झाल्यावर नवऱ्यालाही नाही. मला त्याचा फार अभिमान होता. जगात ही गोष्ट दोघींनाच ठाऊक, एक काकी आणि एक मी.

आणि मासेवालीच्या त्या वाक्यापाशी आले तेव्हा मी तेच लिहिलं. अक्षर न् अक्षर तेच. नकळत झालं असं म्हणायचा मोह होतो, पण ते खोटं आहे. लिहिताना मला काकी दारात उभी दिसत होती. मी स्वतःची समजूत घातली की वाचणार आहेत शिवाजी पार्कचे तीस म्हातारे, त्यांना कुठे काकी माहीत आहे. शिवाय ओळ फक्कड होती. एकदा लिहिल्यावर ती खोडायला माझा हात धजेना.

गोष्ट इथेच थांबली असती तरी निभावलं असतं. पण प्रधानांना एक चिंता होती. म्हणाले, "आपले सभासद हसत नाहीत हो. विनोदी सिनेमाला हसणारी माणसं लागतात." मी म्हटलं, "माणसं मी आणते. आमची अख्खी चाळ आणते." त्यात माझा दुहेरी मोठेपणा होता. चाळीला दाखवायचं होतं की बघा, दर्शना कुठे पोचली. आणि सोसायटीला दाखवायचं होतं की बघा, माझी मुळं कुठे आहेत. काकीची भीती मला वाटली नाही. ती दुसरी इयत्ता शिकलेली. बसवरची पाटी वाचायला तिला दोन बस सोडाव्या लागतात. पळत्या ओळी ती काय वाचणार, आणि बाकीच्यांना चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य कुठे आठवणार, असा मी हिशेब केला होता.

रविवारी चार वाजता दादरच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये खेळ होता. चाळीतली चाळीसेक माणसं आली. बायका हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या नटून. बकुळामावशी, म्हणजे काकीच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, सगळ्यांना धरून आणत होती. काकीला मी हाताला धरून पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. ती सत्तरीची झालीय, पण कपाळावरचं कुंकू अजून ठसठशीत. इकडेतिकडे बघून मला म्हणाली, "तुझा नाव खंय येतला ता माका सांग हां. मी टाळी वाजवतंय."

सिनेमा सुरू झाला. दहा मिनिटं झाली तरी चाळ चिडीचूप. ओळी येत होत्या आणि जात होत्या. म्हाताऱ्या माणसांना ते जमेना, चष्मे घरी राहिलेले. शेवटी मागून राजेश ओरडला. हा आमच्या तळमजल्यावरचा, गणपतीत माईक हातातून न सोडणारा. "अगं दर्शना, वाचून दाखव ना! आमच्या आयांनी काय नुसती बोट बघायची काय?" चाळीत वर्तमानपत्रसुद्धा असंच वाचलं जायचं, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं. बाकीच्यांनी पण गलका केला. प्रधानांनी सिनेमा थांबवला आणि हसत हसत माईक माझ्या हातात दिला. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. कुणीही दुसरं वाचलं असतं, राजेश तर टपलाच होता. पण मला माईक आवडतो. लहानपणी चाळीच्या गणपतीत मी नकला करायचे आणि माझी नक्कल झाल्याशिवाय कुणी उठत नसे.

मी बॅगेतून कागद काढले आणि पडद्याच्या कडेला स्टुलावर बसून वाचायला लागले. सुरुवातीला साधं वाचलं. मग पाद्र्याला मी चाळीच्या जुन्या सेक्रेटरींचा आवाज दिला, नाकातला. हॉल कोसळला. "अगो, ह्यो तर आपलो सावंत!" कुणीतरी किंचाळलं. बकरीसाठी मी बें केलं. वही घेऊन बसलेल्या सभासदांनी वह्या मिटल्या. आणि मासेवाली पडद्यावर आली तेव्हा मी काकी झाले. तिचं घसा खाकरणं, वाक्य संपवताना "काय समाजलंव?" म्हणणं, सगळं केलं. पुढच्या रांगेत काकी स्वतःच्या मांडीवर थापा मारत हसत होती. "माझोच आवाज गो! माझोच!" ती शेजारणीला सांगत होती. मी तिच्याकडे बघून आणखी रंगवलं. इतकं हसू मी माझ्या उभ्या आयुष्यात कधी मिळवलं नव्हतं.

मग तो प्रसंग जवळ आला. कागदावर मला ती ओळ खाली दिसत होती, अजून तीन ओळी पुढे. मला सगळं लख्ख आठवलं. माझ्याकडे वेळ होता. तीन ओळी म्हणजे दहा-बारा सेकंद. त्या वेळात माणूस "यजमान झोपलेत" एवढं सहज म्हणू शकतो. पण हॉल उकळत होता, आणि मला ठाऊक होतं की ही ओळ सगळ्यांत जास्त हशा आणणार.

"हळू बोला मा!" मी काकीच्या आवाजात म्हटलं. "आत्ताच डोळो लागलो हा तेंचो. रातपाळी करून इलेत, अजून तोंडार पाणीसुदा मारूक नाय." एवढ्यावर थांबले नाही. कागदावर नव्हतं तेही केलं. ओठांवर बोट ठेवून, लहानपणी करायचे तसं, लांबलचक शूऽऽ केलं.

शिवाजी पार्कवाले हसून हसून वाकले. प्रधानांनी चष्मा काढून डोळे पुसले. चाळीच्या रांगा मात्र अर्ध्यावरच हसायच्या थांबल्या. मी पुढचं वाचत राहिले, कारण थांबले असते तर काय बोलले असते? अधिकारी टोपी न्यायला परत आला. त्याने पांघरूण उचललं. वल्ही, उशी. तो क्षणभर बघत राहतो, पांघरूण पुन्हा नीट घालतो, टोपी उचलतो आणि चवड्यांवर बाहेर जातो. कागदावर लिहिलेलं तो खोडत नाही. इतके दिवस मी त्या सिनेमावर काम करत होते, पण तो माणूस किती भला आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी धीर करून पुढच्या रांगेकडे बघितलं. काकी मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूच्या बायका सरळ पडद्याकडे बघत होत्या. एकीनेही तिच्याकडे मान वळवली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटले. ओळ ओळखली असेल, पण उशीचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

खेळ संपल्यावर चहा आणि बटाटेवडे होते. लोक माझा हात हातात घेऊन हलवत होते. काकीला शोधायला गेले तर ती बसस्टॉपवर जाऊन उभी होती. बकुळामावशी तिच्यापासून दोन हात लांब उभी राहून रस्त्याकडे बघत होती. मी काकीला म्हटलं, "माझं नाव आलं ते बघितलंस का?" ती म्हणाली, "हो." तेवढ्यात बस आली.

दुसऱ्या दिवशी प्रधानांचा फोन. "ती रातपाळीची ओळ अफलातून होती हो! इंग्रजी ओळींत तर असं काहीच नाही. तुम्हाला सुचली कशी?"

मी म्हटलं, "सुचली."

फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बघवेना. ज्या बाईने मला भरवलं, तिचं चोरून ठेवलेलं दुःख मी दोन वेळा माझं म्हणून खपवलं होतं, एकदा माईकवर आणि एकदा फोनवर. तरीही दोन दिवस मी स्वतःला सांगत राहिले की कुणाला काही कळलेलं नाही, उगाच जाऊन खपली कशाला काढायची. बुधवारी मात्र राहवेना. लालबागच्या कोपऱ्यावरून काकीला आवडतो तो मालवणी खाजा घेतला आणि चाळीत गेले.

गॅलरीत बकुळामावशी मेथी निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. "आत आहे," म्हणाली. "रविवारपासून दार लोटून बसलीय. नळावर येत नाय. डबा दिला तर भूक नाय म्हणते." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. पुढे काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मी दार ढकललं. काकी खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. मला बघून तिने ताट बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला.

"या," ती म्हणाली. "बसा."

मला वाटलं माझ्या मागे आणखी कोणी आलंय. मी वळून बघितलं. कोणी नव्हतं.

"पाणी देऊ का तुम्हाला?"

"काकी, असं काय बोलतेस? मी दर्शना."

"माहीत आहे ना." ती एकेक शब्द तांदळातला खडा बाजूला करावा तसा बाजूला काढून बोलत होती. अशी मराठी मी तिच्या तोंडून फक्त रेशन ऑफिसात आणि डॉक्टरसमोर ऐकली होती. "चहा ठेवते. साखर घेता ना?"

मी खाली बसले आणि तिचे गुडघे धरले. सगळं भडाभडा बोलून टाकलं. माझं चुकलं, मला मोह झाला, ओळ समोर दिसत होती तरी मी थांबले नाही, तू मला मार, शिव्या दे. ती ऐकत होती. शेवटी मला जे सगळ्यांत मोठं सांत्वन वाटत होतं ते मी बाहेर काढलं.

"पण काकी, कुणाला काही कळलं नाही. देवाशपथ. मी मुद्दाम बघत होते. ती उशी दिसली तेव्हा एकही बाई तुझ्याकडे वळली नाही."

"हो," काकी म्हणाली. "मी पण बघत होते. एक पण वळली नाही."

तिने तांदळाचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं, पण निवडायला लागली नाही.

"माणसाला नवीन काही कळलं तर माणूस वळून बघतो, हो की नाही? निदान एक तरी बघते. बकुळा तर लगेच बघते, तिला राहवत नाही. पण सगळ्या मान ताठ करून समोर बघत होत्या. तेव्हा मला कळलं." ती शब्द शोधत होती. "त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. राजेशचे वडील पण भिवंडीला मागावर जायचे. त्यांनी बघितलं असेल, घरी सांगितलं असेल. चाळीस वर्षं मला वाटत होतं, मी सगळ्यांना फसवलं. पोरं शनिवारी गप्प बसायची, बायका हळू बोलायच्या, आणि मी आत बसून मनात म्हणायची, शांता, काय तुझी हुशारी."

लहानपणी दटावलेली पोरं इतक्या मुकाट्याने का ऐकायची, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं, माझा दरारा. प्रत्येकाच्या आईने आधीच कान उपटून सांगितलेलं असणार. अख्ख्या चाळीला ठाऊक होतं आणि चाळीस वर्षांत एक माणूस बोललं नव्हतं. बोलले ती मी, जिला तिने मनगट धरून विनवलं होतं.

"काकी, ती त्यांची माया आहे गं," मी म्हटलं. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"असेल. बकुळा हळदीकुंकवाला पहिलं मला बोलावते. मी म्हणायची, मान देते. आता वाटतं, मान होता की कीव होती." तिने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं. "माया असेल तर असू दे. पण मी आता नळावर जाऊन त्यांच्या तोंडाकडे कसं बघू, तेवढं सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात."

अजूनही रस्त्यावर चालताना, भांडी घासताना मी त्याचं उत्तर शोधत असते. तिचं एक गाठोडं होतं, ते तिने जपलं होतं, आणि त्यात काहीच नाही हे मी चारचौघांत हसत हसत सोडून दाखवलं. आधी मला वाटत होतं की मी तिचं गुपित फोडलं. ते फुटण्यासारखं राहिलंच नव्हतं. तिचा समज होता, तेवढाच तिच्याकडे होता, आणि तो मी घेतला.

तिने चहा केला. कपबशीत दिला, पाहुण्यांच्या कपबशीत, फुलं असलेल्या. मी इतकी वर्षं तिच्या घरी पेल्यातून चहा प्यायले आहे.

"काकी, एकदा तरी नेहमीसारखं बोल ना माझ्याशी," मी म्हटलं. "मालवणीत बोल. शिव्या घाल हवं तर."

तिने मान हलवली.

"नको. तुम्ही ऐकून ठेवता."

हे ती रागाने म्हणाली असती तर मी तिचे पाय धरून तिथेच पडून राहिले असते. पण राग नव्हता. शेजारणीला दूध वर आलंय म्हणून सांगावं, तसं तिने सांगितलं. मी कप खाली ठेवला. खाज्याचा पुडा माझ्या मांडीवर तसाच होता. तो तिथे ठेवावा की परत न्यावा हे मला कळेना, मग तिनेच तो घेतला आणि "थँक्यू" म्हणाली.

ती मला दारापर्यंत पोचवायला आली. उंबऱ्याच्या आतच उभी राहिली, बाहेर पाऊल टाकलं नाही. बकुळामावशीने मेथीचं ताट उचललं आणि ती आपल्या खोलीत गेली.

"सावकाश जा हां," काकी म्हणाली. "आमच्या जिन्याच्या पायऱ्या झिजल्यात. सवय नसलेला माणूस पडतो."

तिचं बोट धरून मी त्याच जिन्यावर चालायला शिकले होते.